एचबीएक्सला कॅन्सरचं जनुक म्हणायचं की नाही?

प्रश्न · पिपेटधारक

सेमिनारचा विषय आहे हिपॅटायटिसच्या विषाणूंची जनुकं आणि यकृताचा कॅन्सर. तीन ठिकाणी अडलंय.

एक, एचबीएक्स म्हणजे हिपॅटायटिस बीच्या एक्स जनुकाचं प्रथिन. त्याला ऑन्कोजीन, म्हणजे कॅन्सरजनुक, म्हणावं का? एका लेखात ते एकटंच पेशीतल्या सगळ्या सिग्नलिंगची वाट लावतं, दुसऱ्या लेखात ‘सहायक’ म्हणून त्याची बोळवण केलेली. दोन, हिपॅटायटिस बीचा डीएनए आपल्या गुणसूत्रांत कुठेही शिरतो म्हणतात, मग गाठींमध्ये तो टर्ट या टेलोमरेजच्या जनुकापाशीच सारखा कसा सापडतो? तीन, हिपॅटायटिस सी हा आरएनए विषाणू. त्याचा डीएनए कधी बनतच नाही. मग त्याच्या जनुकांचा कॅन्सरशी संबंध लावायचा कसा?

शिवाय पुढे छोटा प्रकल्प आहे. हेपजी२ या यकृताच्या गाठीतून वाढवलेल्या पेशींत सीएमव्ही प्रमोटरवरून (जनुक जोरात चालू करणारा डीएनएचा तुकडा) एचबीएक्स बनवायचं, ल्युसिफरेज रिपोर्टरने (मार्ग चालू झाला की उजळणारं जनुक) कोणते मार्ग चालू होतात ते बघायचं आणि एमटीटी या रंगचाचणीने वाढ मोजायची. यात काय फसतं तेही सांगा.

उत्तर १ · यकृतरेणू

आधी तुलना नीट लावा. कोंबड्यांच्या राऊस सार्कोमा विषाणूत एसआरसी हे पेशीकडूनच उचललेलं तयार कॅन्सरजनुक असतं. पक्ष्याला टोचलं की काही आठवड्यांत गाठ. हिपॅटायटिस बी किंवा सीकडे असलं काही नाही. संसर्गापासून गाठीपर्यंत बहुधा काही दशकं जातात. म्हणून ‘कोणतं जनुक कॅन्सर करतं’ यापेक्षा ‘गाठ झाली तेव्हा विषाणूचं नेमकं काय शिल्लक होतं’ हे विचारलं की गोष्टी पटापट जागेवर बसतात.

बीचा जीनोम जेमतेम ३२०० बेसचा आणि गोल. त्यात चार वाचनचौकटी (प्रथिनाचा मजकूर असलेले भाग) आहेत, सी, पी, एस आणि एक्स. जागा इतकी तोकडी की त्या एकमेकींवर चढलेल्या असतात आणि एसची चौकट तर अख्खी पीच्या पोटात आहे. नेहमीच्या क्रमांकनात एक्स १३७४ पासून १८३८ पर्यंत जातं, म्हणजे १५४ अमिनो आम्लांचं, साधारण १७ किलोडाल्टनचं प्रथिन. हा १८३८ आकडा लक्षात ठेवा.

विषाणूचा दुसरा धागा तयार होताना एक छोटा आरएनए प्रायमर डीआर१ या जागेवरून उडी मारून डीआर२ वर जातो आणि तिथून डीएनए सुरू होतो. त्यातून गोल जीनोम बनतो. काही वेळा, ढोबळमानाने दहातल्या एखाद्या कणात, ही उडी चुकते. प्रायमर जागच्या जागीच सुरू होतो आणि गोलाऐवजी सरळ, दोन्ही टोकं मोकळी असलेला दुहेरी डीएनए तयार होतो. आपल्या गुणसूत्रात कुठे दोन्ही धागे तुटले असतील तर पेशीची दुरुस्ती यंत्रणा दिसतील ती टोकं जोडून टाकते, आणि त्यात हा सरळ तुकडा शिवला जातो. हे झालं इंटिग्रेशन. एचआयव्हीसारखं इंटिग्रेज एन्झाइम इथे नाही. विषाणूला स्वतःची प्रत काढायला याची गरजही नाही, कारण ते काम केंद्रकातला मोकळा गोल डीएनए, सीसीसीडीएनए, करतो. ठिगळ लागतं ते अपघाताने.

आता या ठिगळाची टोकं पाहा. सरळ तुकडा साधारण १८२० च्या आसपास सुरू होतो आणि तिथेच संपतो. यातून चार गोष्टी आपोआप निघतात.

पहिली, पूर्ण प्रत काढायला लागणारा प्रीजीनोमिक आरएनए १८२० पाशीच सुरू होतो. गोल जीनोममध्ये त्याचा प्रमोटर त्याच्या पाठीला पाठ लावून असतो. सरळ तुकड्यात प्रमोटर एका टोकाला आणि आरएनएची सुरुवात दुसऱ्या टोकाला. म्हणून ठिगळातून नवा विषाणू कधीच निघत नाही.

दुसरी, एसचे प्रमोटर आणि चौकट मधोमध धडधाकट राहतात. ठिगळ लागलेली पेशी विषाणूशिवाय नुसतं एचबीएसएजी, म्हणजे विषाणूचं पृष्ठप्रथिन, बनवत राहते.

तिसरी, एक्स १८३८ ला संपायला हवं, पण ठिगळ त्याआधीच तुटतं, पुष्कळदा टोकाचे आणखी शे-दोनशे बेस खाऊनच. मग मिळतं ते शेपूट कापलेलं एचबीएक्स आणि त्याला चिकटलेला आपल्या डीएनएचा काहीतरी मजकूर.

चौथी पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिसते. विषाणूची पॉली-ए खूण, म्हणजे ‘आरएनए इथे संपवा’ ही पाटी, १९१६ च्या आसपास आहे. सरळ तुकड्यात ती डाव्या टोकाला जाते, पण एस आणि एक्सचे आरएनए धावतात उजव्या टोकाकडे. थांबायची पाटीच नाही. आरएनए पॉलिमरेज ठिगळ ओलांडून शेजारच्या मानवी डीएनएत घुसतं आणि पुढे जी खूण सापडेल तिथे थांबतं. विषाणू आणि माणूस असा जोडआरएनए यातूनच तयार होतो.

एचबीएक्सबद्दल. विषाणूला ते लागतं एका ठरावीक कामासाठी. पेशीतलं एसएमसी५/६ हे संकुल गुणसूत्राबाहेरचा गोल डीएनए गप्प करतं. एचबीएक्स डीडीबी१ या प्रथिनाला धरून क्युल४ युबिक्विटिन लायगेजच्या तोंडी एसएमसी५/६ देतं, ते नष्ट होतं आणि सीसीसीडीएनए बोलू लागतो. हे २०१६ साली स्पष्ट झालं. गंमत अशी की एसएमसी५/६ पेशीच्या स्वतःच्या डीएनए दुरुस्तीतही लागतं. विषाणूला हवं होतं एक, पेशीचं बिघडलं दुसरं. कॅन्सरशी धागा जोडायचा असेल तर माझ्या मते सगळ्यात भक्कम तो इथे आहे. गाठ रोखणाऱ्या पी५३ शी जोडणी, एनएफ-कॅप्पा-बी हा सिग्नलिंगचा मार्ग, कॅल्शियम, वगैरे यादी लांब आहे, पण तिच्यातल्या बऱ्याच नोंदी अति प्रमाणात प्रथिन बनवलेल्या पेशींमधल्या आहेत.

उंदरांमध्येही चित्र सरळ नाही. १९९१ मध्ये एक्स जनुक घातलेल्या उंदरांच्या एका वाणात यकृताच्या गाठी झाल्या. इतर काही वाणांत एकट्या एक्सने काही झालं नाही, पण डायइथाइलनायट्रोसामीन हे कॅन्सरकारक रसायन दिल्यावर किंवा सी-मिक हे कॅन्सरजनुक जोडीला आल्यावर गाठी लवकर आणि जास्त आल्या. म्हणून स्लाइडवर ‘ऑन्कोजीन’ न लिहिता ‘इतर आघातांना वाट मोकळी करणारं नियामक प्रथिन’ असं लिहा. परीक्षकाने डिवचलं तरी टिकेल.

उत्तर २ · स्लाइडखाली

वरच्या उत्तरात थोडी भर आणि एक दुरुस्ती.

‘काही दशकं’ हा नियम धरू नका. बीमुळे लहान मुलांनाही यकृताचा कॅन्सर होतो, तोही प्रत्येक वेळी सिरॉसिसनंतरच (यकृत व्रणांनी कडक झाल्यावरच) असं नाही. तैवानने जुलै १९८४ मध्ये नवजात बालकांना लस द्यायला सुरुवात केली. तिथे ६ ते १४ वयातल्या मुलांमध्ये या कॅन्सरचं प्रमाण १९८१–८६ मध्ये लाखामागे ०.७० होतं, ते १९९०–९४ मध्ये ०.३६ वर आलं. विषाणूच कारण आहे याचा याहून थेट पुरावा माणसांत मिळणं अवघड. जन्माच्या वेळी संसर्ग झाला तर सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो कायमचा राहतो, प्रौढांत ५ टक्क्यांहून कमी. ठिगळं लागायला वेळ कुणाला जास्त मिळतो ते यावरून कळतं.

एक्सच्या नादात सगळे एस विसरतात. प्री-एस१ आणि प्री-एस२ या भागांत तुकडे गळालेले विषाणू जुन्या संसर्गात वाढत जातात. त्यांचं मोठं पृष्ठप्रथिन पेशीबाहेर पडत नाही, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये साचतं. सूक्ष्मदर्शकाखाली अशी पेशी लगेच ओळखू येते. सायटोप्लाझम घासलेल्या काचेसारखा धूसर, गुळगुळीत, गुलाबीसर आणि केंद्रक कडेला ढकललेलं. ओर्सिन रंग दिला की तोच भाग तपकिरी उठतो. या ग्राउंड-ग्लास पेशींचे दोन प्रकार सांगतात. पहिल्या प्रकारच्या सुट्या, विखुरलेल्या असतात. दुसऱ्या प्रकारच्या घोळक्याने बसतात, त्यांच्यात साठा परिघाकडे सरकलेला असतो आणि त्यात प्री-एस२ गळालेलं असतं. हा घोळका एकाच पेशीची पिलावळ असू शकतो, म्हणून तो दुर्लक्षून चालत नाही. नुसतं हे प्रथिन साचल्याने काय होतं तेही उंदरांत दिसलंय. १९८९ च्या प्रयोगात मोठं पृष्ठप्रथिन भरमसाट बनवणाऱ्या उंदरांच्या यकृतात आधी पेशी मरत राहिल्या, मग पुनर्निर्मिती आणि शेवटी गाठी, तेही विषाणूच्या एकाही प्रतीशिवाय.

चौकटी एकमेकींवर चढल्याचा आणखी एक परिणाम. कोअर प्रमोटरमधली १७६२ आणि १७६४ ची जोडी बदलली, म्हणजे ए चा टी आणि जी चा ए, की त्याच ठिकाणी एक्समध्ये १३० वं लायसिन जाऊन मेथिओनिन येतं आणि १३१ वं व्हॅलिन जाऊन आयसोल्युसिन. ही जोडी असलेल्यांना धोका जास्त, हे अनेक अभ्यासांत आलंय. पण तो प्रमोटर बदलल्यामुळे की एक्स बदलल्यामुळे, हे वेगळं काढणं कठीण, कारण एकाला हात लावला की दुसऱ्याला लागतोच.

आणि बुरशी लागलेल्या धान्या-शेंगदाण्यांतलं अफ्लाटॉक्सिन बी१. ते टीपी५३ या पी५३ च्या जनुकात २४९ व्या कोडॉनवर जी चा टी करतं आणि आर्जिनिनच्या जागी सेरीन येतं. बीचा जुना संसर्ग आणि हे विष एकत्र असलेल्या भागांतल्या गाठींत ही खूण वारंवार भेटते. सेमिनारमध्ये एकच स्लाइड ‘विषाणू अधिक दुसरा आघात’ यासाठी ठेवायची असेल तर हीच ठेवा.

उत्तर ३ · रीडमॅपर

टर्टचा प्रश्न. विषाणू टर्ट शोधत जात नाही. ठिगळ जिथे तुटलं असेल तिथे लागतं, पण आपल्याला दिसतं ते ज्या पेशी वाढल्या त्यांच्यातलं. प्रौढ यकृतपेशीत टेलोमरेज, म्हणजे गुणसूत्रांची टोकं झिजू न देणारं एन्झाइम, जवळजवळ बंद असतं. टर्टच्या प्रमोटरपाशी विषाणूचा एन्हान्सर (जवळच्या जनुकाला जोर देणारा तुकडा) येऊन बसला तर ते चालू होतं, आणि त्या पेशीला शेजारणींपेक्षा जास्त वेळा विभागता येतं. शेतभर विखुरलेल्या दाण्यांपैकी उगवलेलेच मोजावेत, तसं आहे हे. याला जोडपुरावाही आहे. विषाणू नसलेल्या बऱ्याच गाठींत टर्टच्या प्रमोटरमध्ये −१२४ वर बिंदूबदल असतो, आणि जिथे टर्टपाशी ठिगळ आहे तिथे हा बदल सहसा नसतो. काम एकच, एकदा झालं की दुसऱ्यांदा करायची गरज नाही.

२०१२ च्या ८८ जणांच्या संपूर्ण जीनोम अभ्यासात गाठींपैकी ८६.४ टक्क्यांत ठिगळं मिळाली, शेजारच्या यकृतात ३०.७ टक्क्यांत. वारंवार आलेली जनुकं टर्ट, एमएलएल४ (आता त्याला केएमटी२बी म्हणतात) आणि सीसीएनई१. पण ३०.७ चा अर्थ ‘बाकीच्या शेजारी पेशींत ठिगळ नाही’ असा लावू नका. शेजारच्या ऊतीत प्रत्येक पेशीचं ठिगळ वेगळ्या जागी असतं, ३० पट वाचनात (प्रत्येक जागा सरासरी तीस वेळा वाचताना) ते एखाद्या रीडमध्ये, म्हणजे एखाद्या वाचलेल्या तुकड्यात, येतं आणि गाळणीत जातं. गाठीत कोट्यवधी पेशींत तेच ठिगळ त्याच जागी, म्हणून उठून दिसतं.

वुडचक हा खारीच्या कुळातला प्राणी. त्याचा हिपॅटायटिस विषाणू मात्र जागेच्या बाबतीत फारच एकसुरी आहे. बहुतेक गाठींत एन-मिक कुळातलं एकच जनुक चेतवलेलं सापडतं. माणसात तसं नाही. वुडचकवरचे निष्कर्ष माणसावर डकवताना हे ध्यानात असू द्या.

सेमिनारनंतर कधी डेटा हाताळायची वेळ आली तर तीन हमखास खड्डे.

पहिला खड्डा गोल जीनोम सरळ लिहिण्याचा. संदर्भक्रम इको-आर-वनच्या जागेवर कापून १ पासून लिहितात. जो रीड ३२१५ वरून १ वर जातो तो सॉफ्टवेअरला तुटका वाटतो आणि ‘इथे ठिगळाचं टोक’ असं खोटं उत्तर मिळतं. उपाय सोपा आहे, संदर्भाच्या शेवटी सुरुवातीचे एका रीडच्या लांबीइतके बेस पुन्हा जोडा. दुसरा खड्डा जीनोटाइपचा, म्हणजे हिपॅटायटिस बीच्याच उपप्रकारांचा. जीनोटाइप बी आणि सीची लांबी ३२१५, ए ची ३२२१, डी ची ३१८२. डी च्या रुग्णाचे रीड सी वर बसवले की प्री-एस१ मध्ये गळती दिसते, जी खरं तर तिथली रीतच आहे. आधी जीनोटाइप ठरवा, मग संदर्भ निवडा.

तिसरा सगळ्यात वाईट. लायब्ररी बनवताना विषाणूचा आणि माणसाचा सुटा डीएनए लायगेजने किंवा पीसीआरमध्ये उडी मारून चिकटतो आणि अगदी खऱ्यासारखं जोडटोक तयार होतं. विषाणू भरपूर असलेल्या नमुन्यात हे जास्त. पीसीआरच्या प्रती काढून टाकल्यावरही वेगवेगळ्या सुरुवातीचे किमान दोन-तीन रीड एकाच जोडटोकावर हवेत, आणि मग त्या जोडावर दोन्ही बाजूंनी प्रायमर लावून सँगर पद्धतीने क्रम वाचून खात्री. एका रीडवर शोधनिबंध लिहू नये, लिहिणारे लिहितात.

उत्तर ४ · यकृतरेणू

सीचं राहिलं होतं. ९६०० बेसचा आरएनए, एकच लांब प्रथिन बनतं, त्याचे कापून दहा तुकडे. इंटिग्रेशनचा प्रश्नच येत नाही. म्हणून इथे ‘जनुक’ म्हणजे जिवंत संसर्ग असेपर्यंत बनत राहणारं प्रथिन.

कोअर हे चरबीच्या थेंबांवर जाऊन बसतं, मायटोकाँड्रियात ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढवतं. १९९८ मध्ये नुसतं कोअर बनवणाऱ्या उंदरांत आधी यकृतात चरबी साचली आणि मग साधारण १६ महिन्यांच्या वयापासून गाठी आल्या, दाह फारसा नसताना. एनएस३-४ए ही कात्री पेशीचं एमएव्हीएस हे इशारा पोचवणारं प्रथिन कापते, त्यामुळे इंटरफेरॉनची हाक जात नाही आणि संसर्ग टिकतो. एनएस५बी गाठ रोखणाऱ्या आरबी प्रथिनाला धरून नष्ट करवतं. मात्र माणसांत यातलं कुठलंही एकटं पुरेसं आहे असा पुरावा नाही. सीचा कॅन्सर बहुतांशी सिरॉसिस किंवा खूप पुढे गेलेल्या फायब्रोसिसवर होतो. वर्षानुवर्षं पेशी मरणार, नव्या होणार, प्रत्येक विभाजनात चुका साचणार. जनुकांचा वाटा हा वणवा धुमसत ठेवण्यात मोठा.

हिपॅटायटिस डेल्टाबद्दल विचारलं नाही, पण एक ओळ घाला. सुमारे १७०० बेसचा आरएनए, आवरणासाठी बीच्या एचबीएसएजीवर जगतो. म्हणजे ठिगळातून येणारं एचबीएसएजीही त्याला चालतं. ए आणि ई यांना या सेमिनारात जागा देऊ नका.

पिपेटधारक

चौथा मुद्दा, पॉली-ए खुणेचा, कुठेच वाचला नव्हता. आभार. प्रकल्पाबद्दल कुणी बोललं नाही. आणि एक भर घालतो. औषधाने बीचा डीएनए ‘आढळला नाही’ असं आलं तरी एचबीएसएजी पॉझिटिव्हच राहतं आणि सोनोग्राफी चालूच ठेवतात, ते याच ठिगळामुळे का?

उत्तर ५ · चौथा_पॅसेज

प्रकल्प आहे तसा करू नका. कारणं सांगतो.

ल्युसिफरेज रिपोर्टर हा प्लाझ्मिड आहे, म्हणजे गुणसूत्राबाहेरचा गोल डीएनए. एसएमसी५/६ नेमकं त्यालाच गप्प करतं. एचबीएक्स घातलं की एसएमसी५/६ जातं आणि जो प्लाझ्मिड द्याल तो उजळतो, मग त्यावर एनएफ-कॅप्पा-बीची जागा असो की एपी-१ ची. तुलनेसाठी रेनिला हे दुसरं ल्युसिफरेज लावून भागाकार करावा तर रेनिलाही प्लाझ्मिडवरच. ‘एचबीएक्स सगळंच चालू करतं’ या जुन्या ख्यातीचा मोठा भाग यातून आलाय. रिपोर्टर गुणसूत्रात बसवलेला हवा, नाहीतर सरळ पेशीच्या जनुकांचा आरएनए मोजा.

हेपजी२ मूळची हिपॅटोब्लास्टोमाची. तिच्यात बीटा-कॅटेनिनच्या जनुकाचा तिसरा एक्सॉन गळालेला आहे, म्हणजे पेशीवाढीचा डब्ल्यूएनटी मार्ग आधीच चालू. टर्टच्या प्रमोटरमध्येही बदल आहे. तिथे ‘एचबीएक्सने बीटा-कॅटेनिन वाढलं’ म्हणणं म्हणजे उघड्या नळाखाली बादली ठेवून गळती मोजणं. यकृताच्या गाठींतल्याच इतर पेशी पाहिल्या तर एचयूएच७ मध्ये पी५३ बदललेलं आहे (२२० वर टायरोसिनऐवजी सिस्टीन), हेप३बी मध्ये पी५३ नाहीच आणि बीची ठिगळं आधीच आहेत. हेपाआरजी किंवा प्राथमिक यकृतपेशी परवडत असतील तर त्या घ्या.

सीएमव्हीने प्रथिन खऱ्या संसर्गाच्या कित्येक पट बनतं. डॉक्सीसायक्लिनवर चालणारा लेंटिव्हायरस घ्या आणि मात्रा खाली आणत जा. तपासणी अशी ठेवा की ४८ ते ७२ तासांनी वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिन ओळखायची चाचणी) एसएमसी६ ची पट्टी पुसट झाली पाहिजे. झाली नाही तर तुमचं एचबीएक्स कामाचं नाही. झाली तर त्याहून जास्त मात्रा नको. नियंत्रण म्हणून रिकामा व्हेक्टर पुरत नाही. ९६ व्या आर्जिनिनच्या जागी ग्लुटामिक आम्ल असलेलं एचबीएक्स घ्या, ते डीडीबी१ ला धरत नाही. जीएफपीचं शेपूट जोडू नका, ते २७ किलोडाल्टनचं आणि एचबीएक्स १७ चं.

एमटीटी मायटोकाँड्रियाचं काम मोजतं आणि एचबीएक्स मायटोकाँड्रियाशीच खेळतं. पेशी मोजा किंवा नव्या डीएनएत शिरणारं ईडीयू लावा.

उत्तर ६ · स्लाइडखाली

हो, बराचसा त्याचमुळे. एंटेकॅव्हिर आणि टेनोफोव्हिर विषाणूचं पॉलिमरेज अडवतात. रक्तातला डीएनए दिसेनासा होतो, पण सीसीसीडीएनए राहतो आणि शिवलेली ठिगळं तर औषधाच्या वाटेतच येत नाहीत. एचबीईएजी (विषाणू जोमात असल्याची रक्तातली खूण) निगेटिव्ह झालेल्यांत एचबीएसएजीचा मोठा हिस्सा ठिगळांमधून येतो. म्हणून एचबीएसएजीच्या आकड्यावरून ‘औषध लागू पडत नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

औषधाने धोका कमी होतो, शून्य होत नाही. उपचार सुरू होण्याआधी लागलेलं टर्टपाशीचं ठिगळ तसंच असतं. उपचारावर असलेल्यांसाठी पेज-बी नावाची गुणपद्धत आहे, युरोपातल्या रुग्णांवर बसवलेली. वयाचे ० ते १०, पुरुष असल्यास ६, प्लेटलेट दोन लाखांवर असतील तर ०, एक ते दोन लाखांत ६, त्याखाली ९. उदाहरणार्थ ५२ वर्षांचा पुरुष, प्लेटलेट दीड लाख, म्हणजे ६ + ६ + ६ = १८. १८ आणि पुढे जास्त धोका, ९ आणि खाली फारच कमी. सिरॉसिस असेल तर गुण न मोजताच दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, जोडीला बहुधा एएफपी ही रक्तचाचणी. फक्त एएफपीवर विसंबू नका, कितीतरी लहान गाठी ते अजिबात वाढवत नाहीत. सी बरा झाल्यावरही सिरॉसिसवाल्यांचं हेच वेळापत्रक चालू राहतं.

पिपेटधारक

रिपोर्टर आणि एमटीटी दोन्ही बाद केले. आर९६ई चा प्लाझ्मिड मागवतोय. एसएमसी६ च्या अँटिबॉडीचा अनुभव कुणाला आहे का, पट्टी साधारण १२६ किलोडाल्टनला शोधायची ना?

चौथा_पॅसेज

हो, त्याच्या आसपास. साडेसात टक्के जेल घ्या, जड प्रथिन आहे, रात्रभर थंडीत ट्रान्सफर करा. घाईत केलं की पट्टी पुसट येते आणि ते एचबीएक्सचं काम वाटतं. त्याच ब्लॉटवर दुसरं एखादं जड प्रथिन, व्हिंक्युलिनसारखं, जरूर दाखवा.